साडेसहाशेचा बर्गर: पैसे नेमके कशाचे?

जिरावण
मंडळी, परवा भाचीचा वाढदिवस होता. तिच्या हट्टाखातर इंदुरात विजयनगरकडच्या एका नव्या कॅफेत गेलो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका कॅफेचा नाही. आता शहरात असे बरेच झालेत.

मी मागवला पनीरचा 'सिग्नेचर' बर्गर, ६४० रुपये. भाचीने चिकनचा, ५९०. माझा आला तो काळ्याकुट्ट बनमध्ये, मधोमध लाकडी काडी खोचलेली, आणि शेजारी पत्र्याच्या इवल्या बादलीत बटाट्याचे फ्राइज. पहिल्याच घासाला आतली पनीरची वडी मागच्या बाजूने निसटून ताटलीत पडली. वडीला आतून चव नव्हती, जी काही चव होती ती वरच्या सॉसला. खालचा बन तोवर ओला होऊन बोटांना चिकटायला लागला होता. उरलेलं काट्या-चमच्याने खाल्लं.

पण भाचीचा बर्गर मी चाखला, आणि तो खरोखर उत्तम होता. कडेला कुरकुरीत, आत रसदार, बन शेवटपर्यंत शाबूत. म्हणूनच हा धागा काढतेय. "महाग म्हणजे लूट" असं मला म्हणायचं नाही. एकाच स्वयंपाकघरातून, जवळपास एकाच किमतीत, एक पदार्थ पैसे वसूल करणारा आणि दुसरा फुकट गेलेला, असं का? आपण पैसे कशाचे देतो आणि ते कुठे सार्थकी लागतात, हे जाणकारांनी सांगावं.

रामबागवाला
ताई, ६४० रुपयांत सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, चार माणसं पोटभर खातात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थंडीत गराडू (तळलेला कंद), वर गरम जिलेबी. शिवाय सगळं डोळ्यांसमोर होतं. कढई दिसते, तूप दिसतं, करणाऱ्याचा हात दिसतो. कॅफेत दिसतो तो फक्त मेन्यू.

आणि बर्गरच हवा असेल तर छप्पन दुकान या खाऊगल्लीत जॉनी हॉट डॉग आहेच. नाव हॉट डॉग, पण गोल पाव तव्यावर तुपात शेकून आत टिक्की, मटण नाहीतर ऑम्लेट (अशा अंड्याच्या पावाला बेंजो म्हणतात). चाळीसहून जास्त वर्षं ते दुकान चालू आहे आणि संध्याकाळी आजही तिथे गर्दी असते. तो आपला बर्गरच. माझ्या मते कुठलाही बर्गर दीडशेच्या वर जाऊ नये.

चांदणी
काका, तुमचा मान राखून सांगते, ही तुलना बरोबर नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. सराफ्यात रात्री साडेदहाला गर्दीत उभं राहून खाणं तिला जमत नाही. तिला बसायला खुर्ची लागते, स्वच्छ बाथरूम लागतं, आणि आम्हा मायलेकींना दोन तास कोणी उठवू नये एवढं हवं असतं. त्या ६४० मध्ये हे सगळं येतं. मी ते खुशीने देते.

माझी तक्रार वेगळी आहे. खुर्चीचे पैसे घ्या, पण मग ताटलीतल्या पदार्थावरही तेवढंच लक्ष द्या. शाकाहारी माणसाला पनीरची वडी देऊन मोकळे होता आणि किंमत मात्र चिकनहून जास्त लावता, हे मला पटत नाही.

अर्थात
चांदणी यांनी नेमका मुद्दा काढलाय. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी वर्गात बर्गरचं उदाहरण द्यावंच लागतं, कारण 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ साली मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक बर्गरवरून बिग मॅक निर्देशांक सुरू केला. वेगवेगळ्या देशांतल्या एकाच बर्गरच्या किमती ताडून चलनाचं खरं मोल अंदाजायचं, अशी ती कल्पना. भारतात गोमांसाचा बिग मॅक मिळत नाही, म्हणून आपल्यासाठी त्यांच्याच महाराजा मॅक बर्गरची किंमत धरतात.

त्यातून मुलांना मी हेच दाखवतो की बर्गरच्या किमतीत मांस-पाव-चीज हा एक तुकडा झाला. बाकी जागेचं भाडं, पगार, वीज. हा भाग शहरागणिक बदलतो आणि आयात-निर्यात करून स्वस्त होत नाही. हॉटेल व्यवसायात ढोबळ हिशेब असा धरतात की विक्रीच्या साधारण ३० टक्के कच्च्या मालावर जावेत. म्हणजे ६४० च्या बर्गरमध्ये १९०-२०० रुपयांचा माल असायला हवा. जिरावण यांच्या ताटलीत तेवढ्याचा माल होता का? माझ्या अंदाजाने निम्माही नव्हता. फरक तिथेच पडला.

रामबागवाला काका, दीडशेची मर्यादा मला मान्य नाही. ए. बी. रोडवर भाडं भरून, चार पोरांना नीट पगार देऊन दीडशेत चांगला बर्गर देता येणार नाही. दिला तर कुणाच्या तरी पगारात किंवा मालात काटछाट होणारच.

रामबागवाला
पगाराचा मुद्दा मान्य. मालाचा हिशेब मात्र कुणीतरी उघड करून सांगा.

खमीर
मी सांगते, निदान बनपुरतं तरी. सुदामा नगरात माझी घरगुती बेकरी आहे आणि काही कॅफेंना मी बन देते, म्हणून हा विषय रोजचा.

साध्या बर्गर बनमध्ये मैदा, यीस्ट, साखर, थोडं तेल आणि मीठ. दोन-तीन तासांत तयार. ब्रियोश बनमध्ये लोणी मैद्याच्या किमान पाव पट, वर अंडी आणि दूध. लोणी एकदम घालून चालत नाही. आधी पीठ इतकं मळायचं की बोटांनी ताणल्यावर कागदासारखा पातळ पडदा धरला पाहिजे, तो फाटता कामा नये. मग थोडं थोडं लोणी मुरवायचं. रात्रभर फ्रिजमध्ये हळू फुगू द्यायचं आणि सकाळी गोळे करून पुन्हा फुगवायचं. मे महिन्यात इंदूरच्या उकाड्यात लोणी हातातच वितळतं, तेव्हा मी पहाटे चारला मळायला घेते. असा एक बन मी ३० रुपयांना देते आणि त्यात माझं फार काही सुटत नाही.

आपल्याकडे अर्ध्याहून जास्त मागणी बिनअंड्याच्या बनची असते. तोही चांगला होतो. दुधाची पावडर, दही आणि आधी शिजवून घेतलेली मैद्याची खीर घातली की मऊपणा टिकतो. पण त्यालाही वेळ द्यावाच लागतो.

आता काळ्या बनबद्दल. तो रंग कोळशाच्या पुडीचा. चव शून्य. उलट असा कोळसा पोटात औषधं शोषून घेतो, म्हणून विषबाधेत डॉक्टर तो मुद्दाम देतात. रोजच्या गोळ्या घेणाऱ्याने असा बन टाळावा हे बरं. मला त्याची मागणी येते तेव्हा मी नाही म्हणते.

आणि जिरावणताई, तुमचा खालचा बन ओला झाला याचं कारण बहुतेक असं की कापलेली बाजू तव्यावर लोण्यात शेकलीच नव्हती. शेकली की तिथे पातळ कुरकुरीत थर धरतो आणि रस आत मुरत नाही. एका मिनिटाचं काम आहे. मी ज्यांना बन देते त्यांना दरवेळी हेच सांगते, तरी घाईत राहून जातं. ६४० घेताना ते राहून जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

जिरावण
खमीरताई, अगदी तसंच होतं! कापलेली बाजू पांढरीच होती, शेकल्याचा डाग नव्हता.

तवा
मी पुण्यात काही वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, आता इंदुरातच काम करतो. माझा सगळा जीव पॅटीत, म्हणजे बर्गरच्या आतल्या टिक्कीत आहे, तर त्यावर लिहितो.

भाचीचा बर्गर चांगला का लागला? कारण तो नीट भाजला होता. मांसातली प्रथिनं आणि साखर जोरदार उष्णतेत एकत्र आली की शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. लुई कामिय मैयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं. त्याला साधारण १४० अंशांच्या वर तापलेला तवा लागतो आणि पॅटीचा पृष्ठभाग कोरडा लागतो. तवा थंड असेल किंवा एकाच वेळी दहा पॅटी टाकल्या तर पाणी सुटतं, ती वाफेवर शिजते आणि करडी पडते. शनिवारी रात्रीच्या गर्दीत हेच होतं. त्यामुळे चांगला बर्गर खायचा तर आठवड्यात मधल्या दिवशी जा, हा माझा प्रामाणिक सल्ला.

दुसरी गोष्ट चरबी. अमेरिकेत बर्गरच्या खिम्यात साधारण ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी धरतात. मध्य प्रदेशात गोवंशहत्या बंद आहे, म्हणजे आपल्याकडे चिकन नाहीतर मटण. चिकन कातडी काढून विकतात, छातीचं मांस तर अगदी कोरडं, त्यामुळे छातीचा खिमा वापरला की रबर होतो. मांडीचं मांस घ्यावं आणि त्यात थोडं लोणी किंवा कातडी कुटून घालावी. मटणाला खाटकाकडून मुद्दाम चरबी मागून घ्यावी. महाराजा मॅकसुद्धा १९९६ ला भारतात आला तेव्हा मटणाचाच होता, चिकनचा नंतर झाला. मटणाचा बर्गर आपल्या जिभेला जास्त जवळचा आहे असं मला वाटतं.

हिशेब विचारलाय, तर हा घ्या. दीडशे ग्रॅम मटण आजच्या भावाने १२० च्या आसपास. बन ३०. चीज, लोणी, कांदा, लोणचं, सॉस मिळून ४०. झाले १९०. असा बर्गर कुणी साडेपाचशे-सहाशेला विकला तर तो तुम्हाला फसवत नाहीये. तोच दर शंभर ग्रॅम पनीरच्या वडीला लावला, तर पनीर ४० रुपयांचं. बाकीचे कुठे गेले ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

महागड्या मेन्यूंत हल्ली दिसणाऱ्या ट्रफल मेयोबद्दलही सांगतो. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी महाग, वासाची बुरशी. बाजारातलं बहुतेक ट्रफल तेल म्हणजे साध्या तेलात मिसळलेलं एक रसायन, २,४-डायथायापेंटेन. ट्रफलच्या वासातला एक घटक प्रयोगशाळेत बनवलेला. खऱ्या ट्रफलचा त्यात बहुधा अंशही नसतो. मेन्यूत 'ट्रफल' दिसलं आणि किंमत शंभराने वाढली की मी तो पदार्थ सोडून पुढे जातो.

परदेशी_पाखरू
लहानपण स्नेहलतागंजात गेलं, आता न्यू जर्सीत आहे. ज्या देशातून हे आलं तिथली बाजू सांगतो.

हॅम्बर्गर हा मुळातच कामगारांचा स्वस्त पदार्थ. व्हाइट कॅसल १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटात सुरू झालं तेव्हा बर्गर पाच सेंटला होता. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात आपलं दुकान नव्याने मांडलं तेव्हा पंधरा सेंट. त्याला बड्या हॉटेलात मानाने बसवलं ते मुख्यतः २००१ मध्ये, न्यूयॉर्कच्या दानिएल बूलू या फ्रेंच शेफने. त्याच्या बर्गरच्या आत मंद शिजवलेल्या बरगड्यांचं मांस, फुआ ग्रा (बदकाचं चरबीदार यकृत) आणि काळं ट्रफल होतं. किंमत पंचवीस डॉलरच्या वर. लोकांनी तेव्हा बोटं मोडली, पण त्यातलं मांस तासन् तास शिजवलेलं होतं आणि ट्रफल खरं होतं. मेहनत ताटात दिसत होती.

त्यानंतर मात्र स्पर्धा भलतीकडे गेली. लास व्हेगासमध्ये पाच हजार डॉलरचा बर्गर निघाला, त्यात सोबतच्या उंची वाइनच्या बाटलीचीच किंमत मोठी होती. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या एका रेस्टॉरंटने पाच हजार युरोचा बर्गर केला, सोन्याच्या वर्खाच्या बनचा. वर्खाला चव नसते हे आपल्याला मिठाईवरून चांगलं माहीत आहे.

मला विचाराल तर इथले सर्वांत चांगले बर्गर स्वस्तातलेच आहेत. खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर टाकायचा, जड उलथन्याने दाबून पातळ करायचा, कडा जाळीदार होईपर्यंत थांबायचं, उलटवून लगेच चीज. तीन-चार मिनिटांत तयार. पातळ असल्यामुळे भाजलेला भाग जास्त आणि चव जास्त. इंदूरच्या कॅफेंनी थरांवर थर रचून बर्गर उंच करण्यापेक्षा हे शिकावं असं मनापासून वाटतं.

दंतवैद्य_इंदूर
उंचीचा विषय निघालाच आहे तर. मोठ्या माणसाचं तोंड पूर्ण उघडलं तर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण चार ते पाच सेंटीमीटर अंतर पडतं. काही कॅफे दहा-बारा सेंटीमीटर उंच बर्गर उभा करतात. तो तोंडात जाणं शक्यच नाही. लोक जबडा ताणतात, आणि ज्यांना आधीपासून जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतात. कृपया असा बर्गर सुरीने कापून खा, किंवा दाबून बुटका करा. लाकडी काडी आधी काढा, मुलांच्या ताटलीतली तर नक्कीच.

चांदणी
डॉक्टर, धन्यवाद. आईला वाचून दाखवलं.

साधीराहणी
मी काही जाणकार नाही. मला एवढंच विचारायचंय की बिलात सर्व्हिस चार्ज लावतात तो द्यावाच लागतो का? आमच्या बिलात न विचारता १० टक्के लावला होता.

जिरावण
आमच्याही! ६४० वर ६४ सर्व्हिस चार्ज, त्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे माझा एक बर्गर ७३९ ला पडला.

अर्थात
द्यावाच लागतो असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये. हॉटेल संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

आणि सेवा चांगली असेल तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात स्वतः टिप द्या. ती त्यालाच मिळते.

साधीराहणी
फार उपयोगी माहिती. मनापासून आभार.

रामबागवाला
तवा यांचा १९० चा हिशेब वाचला. मटणाचा बर्गर असेल आणि असा केलेला असेल तर पाचशेपर्यंत मी देईन. मी शाकाहारी नाही, पण सौ. आहेत. तिने काय खायचं? चांदणीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

तवा
काका, तोच खरा अवघड भाग आहे, आणि आपल्या शहरात तोच सर्वांत महत्त्वाचा.

पनीरची वडी बर्गरमध्ये मुळातच बसत नाही. ती वितळत नाही, रस सोडत नाही, सॉस धरत नाही. म्हणून निसटते. बटाट्याची टिक्की चांगली लागते, पण मैद्याच्या बनमध्ये बटाटा म्हणजे पिठात पीठ, आणि तिची किंमत शंभर-सव्वाशेच्या वर जाऊ नये. ज्याला चारशे-पाचशे घ्यायचे आहेत त्याने पॅटीवर तेवढी मेहनत करावी.

मी केलेल्यांत सर्वांत जमलेली पॅटी अशी: मशरूम बारीक चिरून कोरड्या तव्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचे. मांसासारखी खोल चव त्यातूनच येते. कांदा वेगळा, मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत, किमान अर्धा तास. शिजवलेला राजमा पसरून ओव्हनमध्ये थोडा सुकवायचा, म्हणजे लगदा होत नाही. अक्रोडाचा भरड कूट चरबीच्या जागी. बांधायला ब्रेडचा चुरा नको, आपले पोहे घ्या, कोरडे भाजून जाडसर वाटलेले. ते उरलेलं पाणी ओढतात आणि पॅटी चिवट न होता घट्ट राहते. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मग तापलेल्या लोखंडी तव्यावर. यात मालही बऱ्यापैकी लागतो आणि माणसाचे तीन-चार तास जातात. असा बर्गर चारशेला असेल तर मी स्वतः रांगेत उभा राहीन.

चांदणी
हे वाचून बरं वाटलं. म्हणजे होऊ शकतं, फक्त कुणी करत नाही.

खमीर
एक-दोन जण करायला लागलेत. आणि मला वाटतं इंदुराने पनीर-पेरी-पेरीच्या मागे न लागता भुट्ट्याकडे पाहावं. पावसाळ्यात कोवळा भुट्टा किसून, तुपात हिरवी मिरची-जिरं घालून घट्ट परतून घेतला, त्यात भाजलेलं बेसन घालून थापला, तर सुरेख पॅटी होते. बनमध्ये वरून कोथिंबिरीची चटणी आणि जिरावण मसाला. घरी पाहुण्यांना करून घातलाय, एकही उरला नाही. असा बर्गर जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही, त्याचे साडेतीनशे मी आनंदाने देईन.

परदेशी_पाखरू
खमीरताई, हा इथे करून पाहतो. इथला भुट्टा खूप गोड असतो, थापताना फुटणार नाही ना?

खमीर
गोड भुट्ट्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी. किसून घट्ट पिळून घ्या, पिळलेलं पाणी टाकू नका, ते बेसन भिजवायला वापरा. बेसन नेहमीपेक्षा दीडपट घाला. आणि पहिली एकच लहान टिक्की टाकून बघा, फुटली तर बेसन वाढवून मग बाकीच्या थापा.

रामबागवाला
भुट्ट्यात दूध घालायचं की नाही? सराफ्यात किसाला घालतात.

खमीर
किसाला हवंच, काका. पॅटीला नको, सैल पडते.

जिरावण
भाची विचारतेय की बिनअंड्याचे सहा बन शनिवारी मिळतील का. खमीरताई, निरोप टाकते.